हरकत नाही ना?

मराठी माणसाच्या 'नको'ला फारशी किंमत नसते, हे पंगतीत बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पानावर आडवा हात धरून तुम्ही "नको, नको, खरंच नको" असं कळवळून सांगत असता आणि वाढणारा बोटांच्या फटीतून दोन जिलब्या सोडून पुढच्या पानाकडे सरकलेला असतो. वर पुन्हा "लाजू नका" म्हणतो. आता पोट फुटायच्या बेताला आलेला माणूस लाजेल कशाला? पण आग्रह झाला तरी त्याला काही नियम असतात. वाढणारा समोरून येतो. त्याच्या हातातलं ताट तुम्हाला दिसतं. ताटातली जिलबी ही जिलबीच असते आणि ती तुमच्या पानात पडल्याबद्दल यजमानाला कुणी कमिशन देत नाही.

न विचारता वाढण्याची दुसरी एक तऱ्हा मात्र अशी आहे, की तिथं वाढणारा दिसत नाही, ताट दिसत नाही आणि जेवण आटोपून हात धुवायला गेल्यावर कळतं की आपल्या खिशात कुणाची तरी जिलबी आहे. ही तऱ्हा काँप्युटरवाल्यांनी काढली. साधारण २००० ते २०१५ या काळात ज्यांच्या घरी काँप्युटर होता, त्यांना टूलबार म्हणजे काय हे सांगायला नको. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेट पाहण्याची जी खिडकी असते तिला ब्राउझर म्हणतात. या खिडकीच्या वरच्या अंगाला, चाळीच्या गॅलरीत धुणं वाळत घालतात तशा आडव्या पट्ट्या एकाखाली एक लटकायला लागत. एका पट्टीवर न्यूयॉर्कचं हवामान, तेही फॅरनहाइटमध्ये. दुसरीवर डोळे मिचकावणारे पिवळे चेहरे. तिसरीवर शोधण्याची चौकट, चौथीवर पुन्हा शोधण्याचीच चौकट. आपण बिचारे उरलेल्या चार बोटं उंचीच्या फटीतून सातबाऱ्याचा उतारा वाचायचा प्रयत्न करत असू.

ही धुणी तिथं येत कुठून? आपण तर कधी मागवली नव्हती! त्याचं उत्तर आपल्या जुन्या म्हणीत आहे: आवळा देऊन कोहळा काढणे. आवळा म्हणजे फुकटचा प्रोग्राम. गाणी वाजवणारा, फोटो लहानमोठे करणारा, फाइली जुळवणारा, काहीही. तो बसवताना एकामागून एक चौकटी येतात आणि प्रत्येक चौकटीत 'नेक्स्ट' नावाचं बटण असतं. पहिल्या चौकटीत नमस्कार, दुसरीत करारनामा, आणि तिसरी-चौथीत कुठंतरी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, एक वाक्य: अमुक टूलबारही बसवावा, आणि माझं सुरुवातीचं पान बदलून अमुक करावं, यास माझी संमती आहे. त्या वाक्यापुढं चौकोन, आणि चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली. हुशार माणसं 'एक्सप्रेस' हा शिफारस केलेला रस्ता सोडून 'कस्टम'च्या आडवाटेला जात, तेव्हा कुठं त्यांना हा चौकोन दिसे. एक्सप्रेसनं जाणाऱ्याला तो बहुधा दिसतच नसे. एक्सप्रेस लहान स्टेशनावर थांबत नाही, हा रेल्वेचा नियम त्यांनी बरोबर उचलला होता.

आणि कोहळा कसला म्हणाल, तर आपल्या शोधाचा. आपण चौकटीत काही लिहून शोधलं की निकालाबरोबर जाहिराती येतात. जाहिरातीवर टिचकी पडली की पैसे होतात, आणि त्यातला वाटा टूलबारवाल्याला मिळतो. म्हणून तो फुकट प्रोग्राम वाटणाऱ्याला दर घरामागं काही पैसे द्यायला तयार असतो. म्हणजे आपण "कांदेपोहे कसे करावेत" एवढं शोधलं तरी दूर कुठंतरी तिघांच्या घरी पोहे होतात. आपल्या घरी तेवढे व्हायचे राहतात, कारण पान अजून उघडतच असतं.

या प्राण्यांचा इतिहासही मोठा रंजक आहे. अमेरिकेत 'गेटर' नावाचा एक प्रोग्राम निघाला. गेटर म्हणजे मगरीच्या जातीतला प्राणी. नावातच सगळं सांगून टाकण्याचा प्रामाणिकपणा त्यानं दाखवला होता, हे मान्य करायला हवं. तो तुमचे पासवर्ड लक्षात ठेवी आणि त्याच्या मोबदल्यात दुसऱ्यांच्या पानांवर स्वतःच्या जाहिराती उघडी. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला २००२ साली कोर्टात खेचलं. २००३ साली त्या कंपनीनं नाव बदलून 'क्लेरिया' असं सोज्वळ नाव घेतलं. गावात बदनाम झालेला माणूस तालुक्याला जाऊन 'साहेब' होतो, त्यातलाच प्रकार. त्याच सुमारास 'बॉन्झी बडी' नावाचा एक जांभळा गोरिला पडद्यावर हिंडत असे. तो गाणी म्हणे, विनोद सांगे आणि मुलांशी गप्पा मारी. पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल २००४ साली त्याच्या मालकांना ७५,००० डॉलर दंड भरावा लागला. जांभळ्या गोरिलानं विचारल्यावर आपलं नाव-गाव सांगू नये, हे आपल्या पूर्वजांनी शिकवलं नव्हतं, कारण त्यांना तसा गोरिला भेटला नव्हता.

बड्या घरचे पोरवाल मात्र असं काही करत नसतील, असं वाटत असेल तर तेही खरं नाही. 'जावा' हा प्रोग्राम कितीतरी कामांना लागे. त्यात सुरक्षेची दुरुस्ती बसवायला जावं, तर ओरॅकलसारखी जगप्रसिद्ध कंपनी त्यासोबत 'आस्क' नावाचा टूलबार, आधीच खूण करून, पुढं करी. हे २०१५ पर्यंत चाललं. जाणकारांनी २०१३ साली तपासून दाखवलं की हा टूलबार लगेच बसतच नसे, दहा मिनिटं थांबून मग बसे. लगेच बसला असता तर माणसाला शंका आली असती, आणि 'काढून टाका' असं म्हणून त्यानं काढलाही असता. यादीत पाहिलं तर तो अजून आलेलाच नसे. दहा मिनिटं दाराआड श्वास रोखून उभा राहणारा पाहुणा तुम्ही पाहिला आहे का? आमच्याकडे अशाला पाहुणा म्हणत नाहीत.

बरं, अशा मंडळींना सरळ चोर म्हणायचीही सोय नव्हती. 'झँगो' नावाच्या कंपनीचे प्रोग्राम कॅस्परस्की या राखणदार प्रोग्रामानं अडवले, तर झँगोनं राखणदारावरच फिर्याद लावली! वाड्याच्या गुरख्यानं हटकलं म्हणून गुरख्यावर दावा. २००९ साली अमेरिकेतल्या अपील कोर्टानं गुरख्याच्या बाजूनं निकाल दिला, म्हणून बरं. पण राखणदार कंपन्यांनी तरीही जपून बोलण्याची सवय ठेवली. असल्या प्रोग्रामांना त्या 'संभाव्य नकोसा' असं म्हणतात. काय नेमका शब्द आहे! आमच्या नात्यातल्या काही मंडळींसाठी मी तो कित्येक वर्षं शोधत होतो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना हसू येत नव्हतं.

काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी एक कागद न वाचता सही केला नाही. दुधाच्या बिलावरसुद्धा ते तारीख पाहून, बेरीज तपासून, मग आडवी रेघ मारून सही करत. २०१३ साली त्यांना न्यू जर्सीत नात झाली. अमेरिकेतली जन्मवेळ आणि इथलं पंचांग यांचा मेळ घालून पत्रिका काढणारा एक फुकटचा प्रोग्राम त्यांना मिळाला. पत्रिका निघाली, आणि तिच्यासोबत तीन टूलबार निघाले. सुरुवातीचं पान बदललं. काही उघडायला जावं, तर 'तुम्ही बक्षीस जिंकलात' म्हणून तिसरंच उघडे. काकांनी मुलाला फोन लावला. मुलगा घाईत होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही कशावर तरी क्लिक केलं असणार. नीट वाचत का नाही तुम्ही?"

नीट वाचत का नाही! ज्या माणसानं पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज 'नीट वाचून सादर करावा' असा शेरा मारून परत पाठवले, त्याला! काकांनी काँप्युटरवर काकूंनी विणलेलं झाकण घातलं, ते महिनाभर काढलं नाही. दर रविवारी पडद्यावर नात दिसायची, तेही बंद झालं. शेवटी काकूच वर आल्या आणि म्हणाल्या, "जरा खाली येतोस का रे? ते काही सांगायचे नाहीत."

गेलो. एकेका पाहुण्याला पोचवायला दीड तास लागला. आधी प्रोग्रामांच्या यादीतून तारीख पाहून त्या दिवशी आलेले सगळे वेचले. त्यातला एक जाताना म्हणाला, 'तुम्हाला नक्की आमचा निरोप घ्यायचा आहे का?' आणि खाली 'राहू द्या' हे बटण ठसठशीत, तर 'जाऊ द्या' हे फिकट राखाडी. मग ब्राउझरच्या जोडण्या काढल्या. मग सुरुवातीचं पान आणि शोधण्याचं ठिकाण पूर्ववत केलं. एवढं करूनही ते पान परत परत येतच होतं. शेवटी सापडलं: ब्राउझर ज्या चित्रावर टिचकी मारून उघडतो, त्या चित्राच्या पोटातच त्यांनी आपला पत्ता शेपटीसारखा चिकटवून ठेवला होता. तो खोडला, तेव्हा खिडकी मोकळी झाली.

मग काकांना दाखवण्यासाठी मी तोच प्रोग्राम पुन्हा पहिल्या चौकटीपासून चालवला आणि खूण केलेला चौकोन आला तिथं थांबलो. काकांनी चष्मा वर केला, नाक पडद्याला टेकवलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ही खूण मी केलेली नाही."

"नाही काका. ती आधीपासूनच असते."

"म्हणजे माझ्या नावानं दुसऱ्या कुणीतरी केली. आमच्या कचेरीत याला काय म्हणत माहीत आहे? खोटी सही! एक कारकून घरी गेला होता यापायी." आणि जरा थांबून, "मग यात माझी चूक काय, ते सांग."

वाचकहो, मोठमोठ्या ग्रंथांत संमतीविषयी पुष्कळ लिहिलेलं असेल. पण सगळा प्रश्न काकांच्या या दोन वाक्यांत मावतो. मी 'नाही' म्हटलं नाही, याचा अर्थ मी 'हो' म्हटलं असा होतो का? न पुसलेली खूण माझी होते का?

टूलबारवाले म्हणतात, होते. लिहिलेलं होतं, वाचायचं होतं, पुसायची मुभा होती. आपल्याकडे तर याला संस्कृतचा आधार आहे: मौनं संमतिलक्षणम्. संस्कृतात सांगितलं की आपण वाद घालत नाही. पण 'लक्षण' म्हणजे खूणगाठ, पुरावा नव्हे. ताप हे हिवतापाचं लक्षण आहे. म्हणून ताप आलेल्या प्रत्येकाला कुणी कोयनेल पाजत नाही, आधी रक्त तपासतात. माणूस गप्प आहे याची कारणं दहा असतात. त्याला कळलेलं नसतं, ऐकू आलेलं नसतं, तो दमलेला असतो, घाबरलेला असतो, भिडेत असतो. दहात एक कारण संमती हे असेलही. पण ते ओळखायचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे विचारणं.

पण थांबा. हे इतकं सोपंही नाही. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी २००३ साली एक तुलना छापली. मरणोत्तर अवयवदानाला जर्मनीत सुमारे १२ टक्के लोकांची संमती होती, आणि शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त. ऑस्ट्रियातले लोक काही दधीची ऋषींच्या गोत्रातले नव्हते. फरक चौकोनाचा होता. जर्मनीत 'हो' म्हणायला खूण करावी लागे, ऑस्ट्रियात 'नाही' म्हणायला. तेव्हा आधीच केलेली खूण जीव वाचवायलाही उपयोगी पडते. नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी पगार हातात यायच्या आत कापला जातो, म्हणून तर म्हातारपणी चार पैसे दिसतात. तोही आपल्या हातात देऊन मग मागितला असता, तर आपलं म्हातारपण दिवाळीच्या खरेदीत गेलं असतं.

मग टूलबारात आणि यात फरक काय? मला वाटतं, काकांच्या कचेरीतल्यासारखे तीन शेरे मारून पाहावेत. पहिला: या खुणेचा फायदा कुणाला? दुसरा: खूण केली आहे हे मोठ्यानं, तोंडावर सांगायची तयारी आहे का? भविष्यनिर्वाह निधी पगाराच्या कागदावर छापलेला असतो. तो दहा मिनिटं दाराआड उभा राहत नाही. आणि तिसरा: आत यायला जेवढे कष्ट पडले, तेवढ्याच कष्टांत बाहेर घालवता येतं का? आत यायला एक टिचकी आणि बाहेर घालवायला दीड तास व शेजारी, असा हिशेब असेल, तर तिथं संमती नव्हती, फक्त दार ढकललेलं होतं.

या तिन्ही कसोट्यांना जो उतरत नाही त्याची मजल कुठवर जाते, तेही पाहून ठेवावं. २०१४ च्या सुमाराला लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचा जाहिरातवाला कारखान्यातूनच बसून आला. तिथं तर 'नेक्स्ट'सुद्धा दाबायची गरज नव्हती. जाहिराती घुसवायच्या म्हणून त्यानं बँकेसारख्या ठिकाणचं कुलूपबंद बोलणंही मधेच उघडण्याची सोय करून ठेवली, आणि सगळ्या लॅपटॉपांना किल्ली एकच. २०१५ साली बोभाटा झाला, आणि २०१७ साली कंपनीनं अमेरिकेतल्या ३२ राज्यांना ३५ लाख डॉलर देऊन मिटवलं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर पुढं युरोपच्या न्यायालयानं दिलं. १ ऑक्टोबर २०१९ रोजी, जर्मनीतल्या एका बक्षीस-सोडतीच्या खटल्यात, लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांनी सांगितलं की आधीच खूण केलेला चौकोन ही संमती नव्हे. म्हणजे आमच्या काकांनी त्यांच्या आधी सहा वर्षं, पायजम्यावर, हाच निकाल दिला होता. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असल्या तेरा क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. न विचारता टोपलीत माल टाकणं त्यात आहे. विमा नको म्हणणाऱ्याला 'मी असुरक्षितच राहीन' असं बटण दाबायला लावून लाजवणं, हेही आहे. त्याच वर्षीच्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात तर असं आहे की संमती स्पष्ट कृतीनं दिलेली हवी, आणि ती परत घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. टूलबार आता जवळजवळ नामशेष झाले. ते ज्या खिडकीवर लटकत, त्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोररलाही जून २०२२ मध्ये मूठमाती मिळाली. त्यांची नातवंडं मात्र 'तुम्हाला सूचना पाठवू का?' म्हणत दर पानावर उभी असतात.

कायदा झाला, ठीक आहे. पण हे आधीच खूण केलेले चौकोन काँप्युटरवाल्यांनी शोधून काढले, असं समजायचं कारण नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी अहवाल वाचतात, बटाटेवड्यांच्या बशा आत येतात, नेमक्या त्या क्षणाला "कुणाची हरकत नाही ना? मंजूर!" होतं, आणि मेंटेनन्स वाढतो. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात ती खाली मान घालून बसली, याचा अर्थ मुलाकडचे आणि मुलीकडचे असे दोन्हीकडचे मिळून 'पसंत आहे' असा लावत आले, आणि त्या एका चौकोनावर पन्नास-पन्नास वर्षांचे संसार झाले.

आमच्या घरात तीस वर्षं एक गोष्ट सर्वमान्य होती: आजीला सिनेमा आवडत नाही. सगळे सिनेमाला निघाले की आजी घर राखायची. तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिनं कधी तक्रारही केली नव्हती. एकदा इंदूरहून एक लांबची आत्या आली. तिला ही सर्वमान्य गोष्ट ठाऊक नव्हती. तिनं सरळ स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "काकू, तुम्ही येणार ना?"

आजीनं "कुठला आहे?" एवढंच विचारलं. आणि आम्ही मुलं चपला शोधत होतो तोवर ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात बटवा घेऊन, सगळ्यांच्या आधी पायरीवर उभी होती.